गॅलरीवर सोलर प्लेटा: दारव्हा तालुक्यातल्या दोन घरांच्या कामाच्या नोंदी

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. घर जुनं आहे. खाली स्लॅब, वर विटांच्या भिंती आणि लाकडी बल्ल्यांवर टिना. समोर दक्षिणेला स्लॅबची गॅलरी. बल्ल्यांना कसर लागलेली, त्यामुळे टिनांवर प्लेटा चढवायचा विचार सोडून द्यावा लागला आणि गॅलरीच्या कठड्यावर काम करायचं ठरलं. मी वायरमनचं काम करतो. गावात अशी टिनांची आणि कवेलूंची घरं भरपूर आहेत, म्हणून काम चालू असताना लिहीत गेलो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ज्यांच्या घरावर धड स्लॅब आहे त्यांनी गॅलरीच्या नादी लागू नये. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि ते महावितरणच्या लाईनला जोडलेल्या छतावरच्या सोलरला मिळतं. गॅलरीतल्या बॅटरीवरच्या कामाला त्यातला एक रुपयाही मिळत नाही.

१२ जानेवारी २०२५ : मोजमाप

गॅलरी १२ फूट लांब, साडेतीन फूट रुंद. कठडा चार इंची विटांचा, त्यावर पाइपची रेलिंग. वरचा छज्जा भिंतीपासून दोनच फूट बाहेर आहे, म्हणजे कठडा छज्ज्याच्या दीड फूट पुढे येतो. कठड्यापासून छज्ज्याची उंची सहा फूट. ही तिन्ही मापं घ्याच, सावलीचा सगळा हिशेब त्यांच्यावर चालतो.

घरात इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायची लेड-अ‍ॅसिड बॅटरी आधीच आहे. अडचण ती भरण्याची आहे. गहू-हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत संध्याकाळी व्होल्टेज १७० वर येतं, दिवसा लाईन जाते, आणि इन्व्हर्टर बॅटरी पूर्ण भरतच नाही. अर्धवट भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी महिनोन्‌महिने तशीच राहिली की आत सल्फेट धरतं आणि ती लवकर बसते. आधीची बॅटरी अशीच गेली. म्हणून उद्देश एवढाच ठेवला: दिवसभरात बॅटरी पूर्ण भरावी आणि रात्री दोन पंखे, चार बल्ब, टीव्ही आणि मोबाइल बिनघोर चालावेत.

कूलर यातून वगळला. आपल्याकडचा साधा कूलर पंपासकट १८० वॅटच्या आसपास खातो. रात्रभर आठ तास चालवला तर जवळजवळ दीड युनिट जातं. १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, पण रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर ती टिकत नाही. ज्यांना रात्रीचा कूलरच पाहिजे त्यांनी या मापाच्या कामावर पैसे घालू नयेत.

१९ जानेवारी : खरेदी

यवतमाळहून १८० वॅटच्या दोन मोनो प्लेटा आणल्या, दोन्हीच्या मिळून १०,८०० रुपये. एक प्लेट १४८० बाय ६७० मिलिमीटर, वजन साडेअकरा किलो. दुकानदार ५४० वॅटची एकच प्लेट घ्या म्हणत होता, वॅटमागे ती स्वस्तही पडते. पण ती सव्वादोन मीटर लांब, एक मीटरहून जास्त रुंद आणि २८ किलोची. अरुंद जिन्यातून वर न्यायची, कठड्याबाहेर धरून ठेवायची आणि वाऱ्यात सांभाळायची, हे गॅलरीत जमण्यासारखं नाही. लहान प्लेट दोन माणसं आरामात हाताळतात.

एमपीपीटी चार्ज कंट्रोलर, म्हणजे प्लेटांचं जादा व्होल्टेजही वापरून बॅटरी भरणारा, ३० अँपिअरचा, ४,२०० रुपये. हजार-बाराशेचा पीडब्ल्यूएम, म्हणजे साधा कंट्रोलर, घेतला नाही याचं समाधान पुढे एप्रिलच्या उन्हात वाटलं.

२ फेब्रुवारी : उभ्या प्लेटा

सगळ्यात सोपं म्हणून प्लेटा रेलिंगला बाहेरून उभ्याच टांगल्या. हूक, क्लँप आणि नट-बोल्ट मिळून ९०० रुपये. मोबाइलवर जर्मनीतल्या गॅलऱ्यांचे जे व्हिडिओ फिरतात, त्यात असंच दिसतं. तिथे २०२४ पासून ८०० वॅटपर्यंतचा छोटा इन्व्हर्टर थेट घरातल्या सॉकेटला लावायची मुभा सोपी झाली आहे, त्यामुळे प्लेटा उभ्या टांगायच्या आणि पिन खोचायची एवढंच काम उरतं.

आपल्याकडे ती पिन खोचू नका. परवानगी आणि नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज वेगळी मोजणारं) नसताना लाईनमध्ये वीज सोडणं नियमात बसत नाही, आणि काही मीटर उलट गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात. शिवाय लाईनला जोडलेला असा इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतःहून बंद पडतो. डीपीवर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ नये म्हणून ती सोय असते आणि ती असलीच पाहिजे. पण आपल्याला वीज हवी असते ती लाईन गेल्यावरच. म्हणून इथे सगळं काम बॅटरीवर आहे, महावितरणच्या लाईनशी प्लेटांचा संबंध नाही.

दुपारी बारा वाजता एका प्लेटचा शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे तिच्या दोन्ही वायरी थेट जोडल्यावर वाहणारा करंट, डीसी क्लँप मीटरवर पाहिला: ६.२ अँपिअर. प्लेटवर लिहिलेला आकडा १० चा. उभ्या प्लेटला एवढं मिळतंय म्हणजे चाललं, असं घरात सगळ्यांचं मत पडलं.

२३ मार्च : आकडा घसरला

तीच प्लेट, तीच वेळ, आकाश निरभ्र. ४.२ अँपिअर. बॅटरी संध्याकाळपर्यंत भरत नाही. आधी धुळीवर संशय गेला, कारण तुरीची मळणी होऊन गेली होती आणि काचेवर भुसकटाचा थर होता. धुऊन पाहिलं तर चार-दोन पॉइंटचा फरक. कनेक्शनही घट्ट होती.

कारण सूर्याच्या उंचीत होतं. आमचं गाव साधारण २०.३ अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४६ अंशांवर असतो, तेव्हा उभ्या प्लेटवर ऊन बऱ्यापैकी समोरून पडतं. २३ मार्चला तोच सूर्य ७० अंशांवर चढतो आणि एप्रिलच्या मध्यात ८० अंशांवर. मग ऊन प्लेटच्या काचेवरून घसरून खाली जातं. बर्लिन ५२ अक्षांशावर आहे. तिथे भर जूनमध्येसुद्धा दुपारचा सूर्य ६१ अंशांच्या वर जात नाही, म्हणून तिथे उभी प्लेट वर्षभर काहीतरी देते. आपल्याकडे ती फक्त हिवाळ्यात कामाची.

त्यामुळे विदर्भात गॅलरीवरची प्लेट टांगायची नाही, छज्ज्यासारखी बाहेर काढायची. उतार २० अंशांचा ठरवला. ६७० मिलिमीटरची प्लेट आडवी लावून २० अंश उतार दिला की ती कठड्यापासून जेमतेम दोन फूट बाहेर येते. उतार १० अंशांपेक्षा कमी ठेवू नये, पावसाचं पाणी आणि चिखल खालच्या कडेला साचून राहतो.

३० मार्च : वाऱ्याचा हिशेब

उतार दिला की प्रश्न वाऱ्याचा येतो. उभी प्लेट भिंतीला टेकलेली असते, बाहेर काढलेल्या प्लेटच्या खाली वारा शिरतो. शेजारचे काकाजी खालून बघत उभे होते. म्हणाले, "भाऊ, अवकाळीच्या वाऱ्यात हे उडून नाही जाईन का? मागं आमच्या टिना पार पांदणीत सापडल्या होत्या."

त्यांचं म्हणणं कागदावर मांडून पाहिलं. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब येतो, चौरस मीटरला ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलो. दोन प्लेटांचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटर. प्लेटांचं वजन २३ किलो, आणि वारा उचलू पाहणार सव्वादोन क्विंटलच्या वर. म्हणजे गॅलरीला प्लेटांचं ओझं जड नाही, प्लेटा धरून ठेवणं जड आहे. आम्ही सगळे वजनाचीच काळजी करत बसलो होतो.

स्ट्रक्चर ४० बाय ४० मिलिमीटरच्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) चौकोनी पाइपचं करायला दिलं, दोन मिलिमीटर जाडीचा. चार त्रिकोणी ब्रॅकेट आणि त्यांवर दोन आडव्या पट्ट्या. ५,६०० रुपये मजुरीसकट. वेल्डिंगवाल्याने पहिले ब्रॅकेट पातळ अँगलचे केले होते. हाताने दाबल्यावर ते वाकत होते, म्हणून परत केले. त्याचे १,२०० रुपये गेले. वेल्डिंगच्या जागी जीआयचा जस्ताचा थर जळतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो. म्हणून प्रत्येक जोड घासून त्यावर झिंक पेंटचे दोन हात दिले. नुसता रेड ऑक्साइड पुरत नाही.

६ एप्रिल : कठडा फुटला

ब्रॅकेट कठड्याला अँकर फास्टनरने आवळायला घेतले. दुसरा बोल्ट आवळताना वीट फुटली आणि प्लास्टरचा हातभर पापुद्रा खाली अंगणात पडला. अंगणात तेव्हा कोणी नव्हतं. फास्टनर फुगून जागा धरतो, आणि चार इंची विटेच्या भिंतीला ते फुगणं सोसत नाही. जुन्या विटा, त्यात काळ्या मातीवरचं घर. उन्हाळ्यात माती आक्रसते, पावसाळ्यात फुगते, भिंतीला बारीक भेगा कायमच्या.

दोन दिवस काम थांबवलं आणि आधार बदलला. गॅलरीच्या कडेला नऊ इंची काँक्रीटची बीम खाली उतरलेली आहे. ब्रॅकेटचा खालचा पाय त्या बीममध्ये केमिकल अँकरने बसवला, म्हणजे भोकात चिकटणारं केमिकल भरून त्यात स्टड (आटे पाडलेली सळई) रोवला. १२ मिलिमीटरचा स्टड, १४ चं भोक, ११० मिलिमीटर खोल. भोक पाडल्यावर आतली भुकटी ब्रशने घासून आणि फुंकणीने उडवून काढायची, दोन्ही दोनदा. भुकटी राहिली तर केमिकल काँक्रीटला न धरता भुकटीलाच धरतं आणि स्टड ओढला की अख्खा बाहेर येतो. उन्हात केमिकल लवकर आळतं, म्हणून हे काम सकाळी सातच्या आत उरकलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याला हात लावला नाही.

ब्रॅकेटचा वरचा पाय कठड्यातून आरपार बोल्टने धरला. आतल्या बाजूने सहा इंची चौकोनी लोखंडी पाटी लावली, म्हणजे ताण एका विटेवर न येता चार-पाच विटांत वाटला जातो. सगळे नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. केमिकल, स्टड आणि पाट्या मिळून १,४५० रुपये. शेवटी प्रत्येक ब्रॅकेटच्या टोकाला सोयाबीनचं भरलेलं पोतं दोरीने लटकवून रात्रभर ठेवलं. सकाळी सगळं जागच्या जागी होतं.

१३ एप्रिल : वायरिंग आणि कापसाची खोली

गॅलरीला लागून जी खोली आहे त्यात या वर्षीचा कापूस भरलेला आहे. भाव वाढेल या आशेवर निम्म्या गावाच्या घरात तो असाच पडून असतो. वायर सगळ्यात जवळून न्यायची तर त्याच खोलीतून जाते. आईने दारातूनच सांगितलं, "कापसाच्या खोलीत विजेचं काही ठेवू नोको बाप्पा." तिचं खरं आहे. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी पडली तरी ती विझायला वाव मिळतो. प्लेटांची डीसी वीज शून्यावर येतच नाही. सैल जोडात एकदा ठिणगी धरली की ती ऊन असेपर्यंत जळत राहते. कापसाला तेवढं पुरतं.

वायर बाहेरच्या भिंतीवरून पाइपमधून फिरवून जिन्याखाली नेली. लांबी वाढली, एका बाजूने १२ मीटर झाली. कंट्रोलर, इन्व्हर्टर आणि बॅटरी तिघेही जिन्याखाली, जिथे वारा खेळता आहे. ट्यूब्युलर बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते, तिला कपाटात कोंडू नये.

दुकानातून आलेला एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) एसीचा निघाला. वर डीसी असं लिहिलेलं नसेल तर तो प्लेटांच्या वायरवर लावायचा नाही, कारण बंद केला तरी आत ठिणगी तशीच राहू शकते. तो बाजूला ठेवला, ३५० रुपये वाया. डीसी एमसीबी, सर्ज प्रोटेक्टर (अचानक चढलेलं व्होल्टेज अडवणारा), बॅटरीच्या पॉझिटिव्हला फ्यूज आणि पेटी असे २,३०० रुपये. चार चौरस मिलिमीटरची सोलर वायर १,५०० ची.

एमसीफोर कनेक्टर (सोलर वायरी एकमेकींना जोडायचे) साध्या पकडीने दाबू नका. मी शेजारच्या तालुक्यातून क्रिम्पिंगची पकड मागवून घेतली. या कामात आगीचा धोका सगळ्यात जास्त त्या बोटभर कनेक्टरमध्येच असतो.

१६ एप्रिल : अर्थिंग

दोन मीटरचा जीआय पाइप अंगणात ठोकला. अर्थ टेस्टरवर २६ ओहम आले, आणि हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. एप्रिलमध्ये काळी माती फाटते, पाइपच्या भोवती बोट जाईल एवढी भेग पडली होती. लोखंड मातीला शिवतच नव्हतं. खड्डा मोठा करून कोळसा आणि मीठ थराथराने भरलं आणि जागाच बदलून न्हाणीच्या सांडपाण्याजवळ घेतली, म्हणजे ओल कायम राहील. आता ४ ओहम आहेत. खर्च १,९००.

प्लेटच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर पक्का थर असतो, त्यावरून वीज वाहत नाही. अर्थची वायर नुसती बोल्टखाली दाबून उपयोग नाही. दातेरी वॉशर घाला, तो थर कोरून धातूला भिडतो.

२० एप्रिल : भर उन्हात चार्जिंग बंद

प्लेटा नव्या उतारावर चढल्या. दुपारचा शॉर्ट सर्किट करंट ९.३. उभ्या प्लेटला या दिवसांत तीनच मिळाले असते. पण कंट्रोलरवर पाहिलं तर सकाळी दहापर्यंत चार्जिंग जोरात आणि दुपारी एक ते तीन, जेव्हा ऊन सगळ्यात कडक, तेव्हा ते जवळजवळ बंद. कंट्रोलर खराब म्हणून बदलून आणायची तयारी केली होती.

बिघाड उष्णतेचा निघाला. दोन्ही प्लेटा समांतर जोडल्या होत्या, प्रत्येकीचं चालतं व्होल्टेज १८.५. हा आकडा २५ अंश तापमानाचा. बाहेर ४३ अंश असताना काचेखालचा सेल ६५ ते ७० पर्यंत तापतो, आणि दर अंशामागे व्होल्टेज साधारण ०.४ टक्के उतरतं. १८.५ चे १५ च्या घरात आले. समांतर जोडणीत १२ मीटर वायरमधून १८-१९ अँपिअर जाताना वरून दोनेक व्होल्ट गळतात. बॅटरीला भरायला १४.४ लागतात. उरतंय काय? कंट्रोलर बिचारा करणार काय?

दोन्ही प्लेटा सिरीजमध्ये, म्हणजे एकीच्या मागे एक, घेतल्या. व्होल्टेज दुप्पट, करंट निम्मा, वायरमधली गळती नगण्य. दुपारचं चार्जिंग लगेच २० अँपिअरच्या वर गेलं. हे जमलं ते एमपीपीटीमुळे, साध्या पीडब्ल्यूएमला सिरीजमधलं जादा व्होल्टेज वापरता येत नाही. बॅटरी जिन्याखाली असली तरी दुपारी ४० अंशांवर जाते, म्हणून कंट्रोलरवरचं भरण्याचं व्होल्टेज उन्हाळ्यापुरतं १४.० वर आणलं. नाहीतर बॅटरीचं पाणी फार उडतं.

यानंतर कंट्रोलरच्या स्क्रीनवर दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास दिसतं. मला हवं होतं ते मिळालं.

११ मे : वादळ, आणि त्याआधी वानरं

वानरांचा कळप रोज सकाळी चिंचेवरून टिनांवर आणि टिनांवरून गॅलरीत उतरतो. प्लेटांखाली वायरीचा एक झोल लोंबत होता. एका पिल्लाने तो धरून ओढला आणि कनेक्टर निम्मा उपसला. आता सगळी वायर लवचीक पाइपमध्ये घालून स्ट्रक्चरच्या आतून बांधली आहे, बाहेरून हाती लागेल असं काही ठेवलेलं नाही. मोठी वानरं प्लेटवर बसतात. काच सोसते, पण आतल्या सेलला न दिसणाऱ्या भेगा पडू शकतात. वरच्या कडेला रेलिंगवर बाभळीचे काटे तारेने बांधले, तेव्हापासून तिथे बसणं कमी झालं. काट्यांची सावली प्लेटवर पडणार नाही एवढे ते मागे घ्यावे लागले.

काल संध्याकाळी वादळ झालं. धुळीचा लोट, मग वारा, मग बोराएवढ्या गारा. गल्लीतल्या दोन घरांच्या टिना गेल्या, डीपीजवळ कडुनिंब पडला आणि लाईन रात्रभर आली नाही. मी वादळ चालू असताना गॅलरीच्या दारात उभा राहून ब्रॅकेटकडे पाहत होतो. पट्ट्या थरथरत होत्या, पाय हलले नाहीत. प्लेटच्या काचेची चाचणी २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याने, सेकंदाला २३ मीटर वेगाने घेतात. कालच्या गारा त्यापेक्षा लहान होत्या, एकही काच तडकली नाही. सकाळी सगळे बोल्ट पुन्हा आवळले, दोन पाव-पाव फेरी सैल झाले होते. तिथे आता लॉक नट लावले आहेत. रात्रभर गल्लीत उजेड आमच्याच घरी होता. काकाजींकडचे सगळे मोबाइल आमच्याकडे चार्ज झाले.

१५ जून : घराचीच सावली

हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो दिवसभर उत्तरेकडूनच फिरतो. दक्षिणेच्या गॅलरीवर या दोन महिन्यांत घर स्वतःच सावली टाकतं.

आज ऊन पडलं होतं, तर खडूने खुणा केल्या. सकाळी नवाच्या आसपासपर्यंत छज्ज्याची सावली प्लेटच्या वरच्या कडेवर रेंगाळते आणि दुपारी पावणेचारनंतर परत येते. सावलीचा टाचभर पट्टा पडला तरी चार्जिंग निम्म्यावर येतं. मधले सहा-सात तास मात्र स्वच्छ मिळतात, आणि ते मिळतात कठडा छज्ज्याच्या दीड फूट पुढे आहे म्हणून. ज्यांचा छज्जा कठड्याबरोबर किंवा त्याच्याही पुढे आहे, त्यांनी ब्रॅकेट आणखी बाहेर काढावे, नाहीतर दक्षिणेची गॅलरी सोडून द्यावी. मोजायला सोपं आहे: छज्ज्याच्या कडेवरून ओळंबा सोडा. प्लेटची वरची कड ओळंब्याच्या किमान एक फूट बाहेर पाहिजे.

जून-जुलैत ढगही असतात. झडीच्या दिवसांत दिवसाला पाव ते अर्धं युनिट, तेवढंच. तेव्हा इन्व्हर्टरचं लाईनवरचं चार्जिंग चालू ठेवावं लागतं. उन्हाळ्यात ते मी बंद करून ठेवतो, म्हणजे बॅटरी आधी उन्हाने भरते.

३१ ऑगस्ट : मावशींचं घर, पूर्वेची गॅलरी

पोळा झाल्यावर पलीकडच्या गल्लीतल्या मावशींचं काम घेतलं. त्या माडीवर शिवणकाम करतात. मशीनची मोटर १०० वॅटची, एक पंखा, दोन बल्ब. लाईन गेली की ब्लाउज अडकतात आणि गिऱ्हाईक पुढच्या गावात जातं, ही त्यांची खरी अडचण. गॅलरी पूर्वेला.

पूर्वेच्या गॅलरीला सकाळचं ऊन वर्षभर मिळतं, दक्षिणेसारखे जून-जुलैत वांधे नाहीत. पण दुपारी एकनंतर घराची सावली येते ती येतेच. म्हणून उतार १२ अंशच ठेवला, म्हणजे सूर्य वर चढला तरी प्लेट त्याच्याकडे तोंड करून राहते. मावशींचं काम बहुतेक सकाळी दहा ते दोन चालतं, त्यामुळे मोटर थेट उन्हावर चालते आणि बॅटरीला हात कमी लागतो. त्यांनी १०० एएचची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी घेतली. महाग आहे, पण त्यांच्या माडीवर जागा नाही, आणि तिला पाणी भरावं लागत नाही. आमच्या कंट्रोलरवर लेड-अ‍ॅसिडचं सेटिंग आहे. तेच तिला लावून चालणार नाही, लिथियमचं वेगळं निवडावं लागतं.

बीम इथे नव्हतीच. गॅलरी नुसत्या स्लॅबची, पाच इंच जाडीची. म्हणून ब्रॅकेटचा खालचा पाय स्लॅबच्या वरून आणि खालून पाट्या लावून आरपार बोल्टने आवळला. भोकं पाडताना सळई लागली की तिथून दोन इंच सरकलो. बाहेर काढलेल्या गॅलरीची मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या बाजूला असते, ती कापली गेली तर गॅलरीच कमजोर होते. हे काम कुठल्याही मिस्त्रीवर सोडू नका, स्वतः उभे राहा.

१२ ऑक्टोबर : धूळ आणि खर्च

सोयाबीन काढणीची धूळ सुरू आहे. थ्रेशर गल्लीच्या तोंडाशी लागलं होतं. तीन दिवसांत आमचं चार्जिंग पाचवा हिस्सा कमी झालं. पहाटे प्लेटा गार असताना साध्या पाण्याने आणि मऊ कपड्याने पुसाव्या. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. बोअरचं पाणी जड असेल तर ते वाळून पांढरे डाग राहतात, पावसाचं साठवलेलं पाणी चांगलं.

आमच्या घरचा कामाला आलेला खर्च: प्लेटा १०,८००, कंट्रोलर ४,२००, स्ट्रक्चर ५,६००, अँकर १,४५०, वायर १,५००, एमसीबी-फ्यूज-पेटी २,३००, अर्थिंग १,९००. एकूण २७,७५०. बॅटरी-इन्व्हर्टर आधीचेच, ते यात धरलेले नाहीत. वाया गेले ते वेगळे, २,४५०. विजेच्या बिलातून हे पैसे लवकर सुटणार नाहीत आणि तसं कुणाला सांगूही नये. आम्ही हे लाईन जाते म्हणून केलं. कुणी पैसे वाचवायला बसलं तर बहुधा स्ट्रक्चर, अँकर आणि अर्थिंगमध्ये वाचवेल. तिथे एक रुपयाही कमी करू नका, कमी करायचंच तर एक प्लेट कमी लावा.

२२ सप्टेंबरपासून सोलर प्लेटांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. आता घेणाऱ्यांनी बिलावर तो बघून घ्यावा.

काकाजींनी आज त्यांची गॅलरी मोजायला बोलावलं. पश्चिमेची आहे, छज्जा कठड्याच्या अर्धा फूट पुढे, समोर कडुनिंब. ओळंबा सोडून पाहिलं, दोनपासून साडेपाचपर्यंतचं ऊन मिळेल, पण ब्रॅकेट दीड फूट जास्त बाहेर काढावे लागतील आणि खाली रस्ता आहे, म्हणून प्लेटेखाली जाळी लावणं भाग आहे. लोखंडाचा अंदाज सात हजारांच्या वर जातोय. त्यांना आधी कडुनिंबाची पूर्वेकडची फांदी उतरवायला सांगितली आहे, मग पुन्हा मोजू.